रेप्लिका स्पोर्ट्स कारला जुन्या धाटणीचे टायर: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर जग्वार, एमजी, ऑस्टिन-हीली, पोर्श ३५६ किंवा कोब्राच्या धर्तीची फायबरची नाहीतर पत्र्याची बॉडी आणि खाली कुठल्यातरी वेगळ्याच गाडीचा सांगाडा, अशी रेप्लिका, म्हणजे जुन्या गाडीची नक्कल, धरून ही उत्तरं लिहिली आहेत. अस्सल व्हिंटेज गाडीची गोष्ट वेगळी. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

जुन्या धाटणीचा टायर म्हणजे नक्की काय? नक्षी जुनी असली की झालं?

नाही. चार हातांवरून बघणाऱ्याला नक्षी दिसतच नाही, त्याला दिसते टायरच्या भिंतीची उंची. पन्नासच्या दशकातल्या टायरची भिंत रुंदीच्या सुमारे ९५ टक्के उंच असायची. साठच्या दशकातल्या बुटक्या क्रॉसप्लायमध्ये ती ८८ टक्क्यांपर्यंत उतरली आणि सुरुवातीच्या रेडियलमध्ये ८० ते ८२ टक्क्यांपर्यंत (या दोन प्रकारांतला फरक पुढच्या प्रश्नात). टायरवर नुसतं '१६५ आर १५' (रुंदी मिमीत, आर म्हणजे रेडियल, रिमचा व्यास इंचांत) लिहिलेलं असेल आणि मध्ये तिरकी रेघ देऊन दुसरा आकडा नसेल, तर हीच ८०-८२ टक्के उंची समजायची. आजच्या साध्या हॅचबॅकला ६५ नाहीतर ६० टक्क्यांचा टायर असतो. १७ इंची अलॉय आणि ४५ टक्क्यांचा टायर घातलेली एमजी टीडी वरातीसाठी भाड्यानं आणल्यासारखी दिसते, मग वर बॉडीला कितीही खर्च केलेला असो.

उंचीनंतर खांदा बघायचा. जुन्या टायरचा खांदा गोल असतो आणि जमिनीला टेकणारा पट्टा अरुंद. त्यानंतर नक्षी: गोलाईभर जाणाऱ्या सरळ किंवा नागमोडी खाचा. अक्षरं सगळ्यात शेवटी. पैसे कमी पडायला लागले तर या यादीच्या शेवटाकडून एकेक गोष्ट सोडत या, उंची सोडू नका.

क्रॉसप्लाय घ्यावा की रेडियल?

रस्त्यावर चालवायची असेल तर रेडियल. क्रॉसप्लायमध्ये दोऱ्यांचे थर तिरके आणि एकमेकांना छेदणारे असतात. चाक फिरताना ते एकमेकांवर घासतात आणि टायर तापतो. रेडियलमध्ये दोरे एका बीडपासून (रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेपासून) दुसऱ्या बीडपर्यंत थेट आडवे जातात आणि नक्षीखाली वेगळा पट्टा असतो, त्यामुळे भिंत लवचीक राहते आणि नक्षी जमिनीवर सपाट बसते.

क्रॉसप्लायचा इथला खरा त्रास म्हणजे तो चाकोरी धरतो. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी डांबर दाबून केलेल्या खोबणी तुम्ही पाहिल्या असतील. क्रॉसप्लायचं पुढचं चाक अशा खोबणीत शिरलं की स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं, आणि बाहेर काढायला जोर लावला की गाडी एकदम उडी मारून पलीकडे जाते. समोरून ट्रॅक्टर येत असताना हे परवडत नाही. शिवाय दोन आठवडे उभ्या राहिलेल्या क्रॉसप्लायला खालून सपाटी येते आणि पहिले काही किलोमीटर गाडी धप धप करत चालते.

'पण रेडियल लावला तर काळाशी विसंगत होईल' ही शंका बहुतेक वेळा फुकाची असते. मिशेलिननं रेडियलचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं आणि १९४९ पासून तो 'एक्स' या नावानं विकायला काढला. पिरेलीचा सिंतुरातोही पन्नासच्या दशकातलाच. फक्त प्रदर्शनात उभी राहणारी आणि ट्रकवरून जाणारी गाडी असेल तर क्रॉसप्लाय खुशाल घ्या.

दोन पुढे एक प्रकारचे, दोन मागे दुसरे चालतील का?

एकाच ॲक्सलवर कधीही नाही. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय हेही नाही: पुढची पकड चांगली आणि मागची कमी, त्यामुळे वळणावर शेपूट सुटते. पुढे क्रॉसप्लाय, मागे रेडियल एवढा एकच मिश्र संच चालवून घेता येतो, तोही नवे येईपर्यंत.

मूळ गाड्यांना कोणते आकार होते?

एमजी टीडीला ५.५०-१५. एमजीएला ५.६०-१५. पोर्श ३५६ च्या नंतरच्या गाड्यांना ५.६०-१५ किंवा १६५ आर १५. ऑस्टिन-हीली ३०००ला ५.९०-१५. जग्वार एक्सके १२०ला ६.००-१६ असे उंच टायर, आणि सुरुवातीच्या ई-टाइपला ६.४०-१५. इंचातले हे जुने आकडे टायरची रुंदी आणि रिमचा व्यास सांगतात, उंचीबद्दल काहीच सांगत नाहीत. ती वरच्या टक्केवारीवरून काढायची.

यातला ५.९०-१५ हा आपल्या अ‍ॅम्बॅसडरचाही आकार. त्यामुळे हीली-धाटणीची गाडी अ‍ॅम्बॅसडरच्या सांगाड्यावर असेल, तर रिम बदलायची गरज बहुधा पडत नाही.

मग मूळ आकार शोधला की काम झालं?

इथेच जास्त चुका होतात. मूळ आकार मूळ गाडीच्या वजनाला, रिमला आणि सस्पेन्शनला जुळलेला होता. तुमच्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल दुसऱ्याच गाडीचे आहेत. म्हणून आधी वजन करा.

पेट्रोलची टाकी भरून, दोन माणसं बसवून वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी म्हणजे मागचं वजन. समजा एकूण ९८० किलो आणि पुढचं ४३० भरलं. मागे ५५०, म्हणजे मागच्या एका टायरवर २७५. टायरवर आकारानंतर जो आकडा असतो तो भारांक: ७५ म्हणजे ३८७ किलो, ८२ म्हणजे ४७५, ८६ म्हणजे ५३०. २७५ साठी ७५ सुद्धा भरपूर झाला. भारांकापाठोपाठचं अक्षर वेगाचं: एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर. टी पुरेसा आहे.

भारांक कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचीच चूक इथे दिसते. मालवाहू टेम्पोचे 'सी' लिहिलेले टायर उंच भिंतीचे असतात, दिसायला झकास. पण ते मालाचा जड भार अंगावर घेण्यासाठी बांधलेले असतात. हलक्या गाडीखाली त्यांची भिंत वाकतच नाही, गाडी खड्ड्यावर आपटते आणि पहिल्या पावसात ब्रेक मारला की घसरते.

रिमची रुंदीही बघा. १६५ च्या टायरला ४ ते साडेपाच इंचांची रिम लागते. ७ इंची रिमवर तो ताणून बसवला तर बीडवर तिरका ताण येतो, आणि गोल खांदा जाऊन टायर चौकोनी दिसायला लागतो. म्हणजे ज्या रूपासाठी तो घेतला तेच गेलं.

१६५ आर १५ मिळत नाही. जवळचा कोणता?

व्यास मोजून ठरवा. रुंदी गुणिले उंचीची टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचा व्यास (१ इंच = २५.४ मिमी).

१६५ आर १५ चा व्यास सुमारे ६५२ मिमी. १८५/६५ आर १५ सहज मिळतो, पण तो ६२२ मिमीचा: गाडी १५ मिमी खाली बसते आणि मडगार्डात मोकळी जागा दिसते. २०५/६५ आर १५, म्हणजे जुन्या इनोव्हाचा आकार, ६४८ मिमीचा आहे. उंची जवळजवळ तीच, पण त्याला किमान साडेपाच इंचाची रिम लागते आणि तो ४० मिमी जास्त रुंद आहे. मागच्या मडगार्डात जागा असलेल्या गाडीला तो चालतो. अरुंद मडगार्डाच्या टीडीला नाही.

स्पीडोमीटर विसरू नका. सांगाडा १६५/८० आर १४ टायरच्या गाडीचा असेल (व्यास ६२० मिमी) आणि तुम्ही १६५ आर १५ लावले, तर काटा १०० वर असताना गाडी १०५ नं धावत असते.

दुकानदार म्हणतो ६.००-१६ आहे, लगेच देतो. घेऊ का?

आधी विचारा, कशाचा? सोलापुरात ६.००-१६ मागितला की बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर पुढ्यात येतो. तीन उभ्या पट्ट्यांची नक्षी, उंच भिंत, अरुंद चेहरा. एक्सके १२० खाली ठेवून बघितला तर मोह पडतोच. पण त्यावर वेगाच्या जागी 'ए ६' किंवा 'ए ८' असतं: ताशी ३० किंवा ४० किलोमीटर. हैदराबाद रस्त्यावर ८० नं पळवला तर तो तापून फाटेल. जुन्या जीपचा ६.००-१६ वेगळा, तो रस्त्याचा टायर आहे. पण त्याची नक्षी खडबडीत असते आणि आवाज फार करतो.

परदेशातून मागवता येतील का?

जुन्या साच्यांतून किंवा जुन्या नक्षीत नवे टायर बनवणाऱ्या कंपन्या आहेत: डनलॉप, मिशेलिन, पिरेली, एव्हन, ब्लॉकली, तसंच स्प्रिंट क्लासिक बनवणारी व्रेडेस्टाइन (ही नेदरलँड्सची कंपनी २००९ पासून अपोलो टायर्सची आहे). अडचण इथल्या नियमांची. जून २०२० मध्ये नव्या टायरची आयात 'प्रतिबंधित' यादीत गेली, म्हणजे परवाना लागतो. शिवाय कारच्या टायरवर आयएसआय खूण सक्तीची आहे. 'सामानातून आणून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. अपघात झाला तर विमा कंपनी टायरकडेच पहिलं बोट दाखवेल.

रेसिंगच्या जुन्या नक्षीचे टायरही टाळा. त्यातल्या काहींच्या भिंतीवर रस्त्यासाठी नाही असं स्पष्ट छापलेलं असतं. तापल्याशिवाय ते धरत नाहीत.

गोदामात पडून राहिलेला, न वापरलेला जुना टायर स्वस्तात मिळतोय...

भिंतीवर 'डॉट' या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे वाचा. '१४२३' म्हणजे २०२३ सालचा १४ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० पूर्वीचा आहे, तो कुंडी करायला न्या. सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर खाचांच्या तळाशी आणि भिंतीवर केसासारख्या भेगा शोधा. दहा वर्षांच्या वरचा, दिसायला कितीही कोरा असला तरी नको. रबर वापरानं झिजतं, पण नुसत्या पडून राहण्यानंही कडक होतं, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं तर लवकरच.

घासलेल्या टायरचा नियम साधा: खाच १.६ मिमीच्या खाली गेली की कायद्यानं बाद.

तारांच्या चाकात ट्यूब लागतेच का?

साध्या तारांच्या चाकात लागतेच. प्रत्येक तारेच्या निपलपाशी (तार रिमला घट्ट धरणाऱ्या नटापाशी) रिमला भोक असतं, हवा तिथून निघून जाते. काही नव्या चाकांच्या निपल आतून सील केलेल्या असतात. विकणाऱ्यानं तसं लेखी दिलं तरच ट्यूबशिवाय बसवा.

ट्यूब बसवताना:

– तारांची टोकं निपलच्या वर आलेली असतील तर कानशीनं घासून सपाट करा, वर रबरी पट्टी चढवा.
– ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची असेल तर आत बोट फिरवा. काहींच्या आतल्या बाजूला उभट रेघा असतात, त्या ट्यूब घासून खातात. असा टायर नको. आत चिकटलेलं कागदी लेबल खरवडून काढा, त्याची कडसुद्धा ट्यूब कापते.
– ट्यूब टायरच्याच आकाराची आणि रेडियलला चालणारी. 'थोडी मोठी चालते' हे ऐकू नका. मोठी ट्यूब घडी पडून बसते आणि घडीच्या रेषेत फाटते.
– शंखजिऱ्याची भुकटी हातानं पातळ लावा. मूठभर टाकली तर एका बाजूला गोळा होऊन चाक थरथरतं.
– पूर्ण हवा भरा, सगळी सोडा, पुन्हा भरा. पहिल्या भरण्यात पडलेल्या सुरकुत्या यानं निघतात.
– व्हॉल्व्ह आणि रिमचं भोक जुळवा. टीआर १३ या बारीक व्हॉल्व्हला ११.५ मिमीचं, टीआर १५ या जाड व्हॉल्व्हला १५.७ मिमीचं भोक लागतं. मोठ्या भोकात छोटा व्हॉल्व्ह हलत राहतो आणि मुळाशी कापला जातो.

पंक्चरचं इथलं मोठं कारण वेड्या बाभळीचा काटा. तो टायरमधून आत जातो आणि बाहेरच्या बाजूनं मोडतो, टोक मात्र आतच राहतं. पंक्चरवाला ट्यूब काढतो, ठिगळ लावतो, परत घालतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर. ट्यूब परत घालण्याआधी जुनं सुती फडकं टायरच्या आतून हळू फिरवायला सांगा. टोक असेल तिथे फडक्याचा धागा अडकतो. नुसत्या बोटानं तपासलं तर सापडत नाही, किंवा सापडतं ते बोटातच.

बॅलन्सिंग केलं तरी ७० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. का?

तारांच्या चाकाचा मध्य हबच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही उतरत्या कडांवर ठरतो, आणि बहुतेक दुकानांतल्या मशीनचा कोन (शंकूसारखी पकड) चाकाला एकाच बाजूनं धरतो. चाक मशीनवरच तिरकं बसलं तर वजनं चुकीच्या जागी लागणार. दोन्ही बाजूंनी कोन लावायला सांगा. त्याआधी चाक फिरवून रिमच्या कडेशी पेन्सिल धरा: वरखाली किंवा बाजूला दीड मिलिमीटरहून जास्त हलत असेल तर आधी तारा ओढून चाक सरळ करावं लागेल. प्रत्येक तारेवर पान्ह्यानं टिचकी मारा, सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा. बद्द वाजणारी तार सैल.

हवा किती ठेवायची?

सांगाड्याच्या मूळ गाडीचा आकडा तसाच वापरू नका, तो जास्त वजनासाठी असू शकतो. ९००-१००० किलोच्या गाडीला १६५ आर १५ असतील तर पुढे २४ आणि मागे २६ पीएसआयपासून सुरुवात करा. मग टायरवर खडूची जाड आडवी रेघ ओढा आणि सपाट रस्त्यावर शंभर मीटर सरळ चालवा. मधलाच खडू पुसला गेला तर हवा जास्त, दोन्ही कडांचाच गेला तर कमी. मागचं इंजिन असलेल्या गाडीला मागे ४ ते ६ पीएसआय जास्त लागते.

हवा नेहमी सकाळी, टायर गार असताना मोजा. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांत भरलेली २६ पीएसआय मे महिन्यात ४३ अंशांत उभ्या गाडीतच ३० दाखवते. दुपारी ती बघून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर, आणि कमी हवेचा टायरच जास्त तापतो. नायट्रोजननं काही बिघडत नाही, फारसं साधतही नाही.

पांढऱ्या पट्टीचे टायर शोभतात का?

अमेरिकन मोटारींना शोभतात. ब्रिटिश स्पोर्ट्स कारला काळी भिंतच खरी. रिम आणि टायरच्या मध्ये बसवायच्या सुट्या पांढऱ्या रबरी कड्या तर नकोतच. त्यांच्यामागे वाळू अडकते आणि रेडियलची भिंत हलताना ती वाळू तिला घासते.

कोब्राला रुंद टायर लागतात ना?

४२७ या मॉडेलला, हो. २८९ हे मॉडेल अरुंद टायरचंच होतं. ४२७ च्या रेप्लिकांना परदेशात पुढे २३५/६० आर १५ आणि मागे २७५/६० किंवा २९५/५० आर १५ घालतात, तेही उठावदार पांढऱ्या अक्षरांचे. इतक्या रुंद टायरला हजार-बाराशे किलोची गाडी ओल्या रस्त्यावर जमिनीशी दाबून धरू शकत नाही, ती पाण्यावर तरंगते. पावसाळ्यात चालवणार असाल तर दोन आकार खाली या.

मडगार्डात बसेल का, हे आधी कसं कळेल?

पुठ्ठ्याची, नव्या टायरच्या व्यासाची दोन वर्तुळं कापा आणि टायरच्या रुंदीइतकं अंतर ठेवून लाकडी ठोकळ्यांनी जोडा. स्प्रिंग काढा, हब जॅकनं सस्पेन्शनच्या रबरी अडणीला (बंप स्टॉपला) टेकेपर्यंत वर उचला आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. कुठेही २० मिमीपेक्षा कमी जागा नको. फायबरच्या मडगार्डाची आतली कड टायर कापते आणि टायर तिला, दोघांचंही नुकसान.

आरटीओ अडवेल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. टायरचा आकार हा त्या तपशिलाचा भाग आहे. खरं तर टायरच्या आधी बॉडीचाच प्रश्न उभा राहतो. एमएच १३ च्या कार्यालयात आरसीवर बॉडीची नोंद काय आहे ते आधी बघा आणि बदल करण्याआधी लेखी परवानगी मागा. २०२१ ची व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे. रेप्लिकेला ती लागू होत नाही.

स्टेपनी?

चारही चाकांच्या व्यासाचीच. डिकीत मावत नसेल तर ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि पंप ठेवा. टायरमध्ये फेस भरायचे डबे ट्यूबच्या चाकात उपयोगाचे नाहीत.

गाडी महिनोन्‌महिने उभी असते. काय करावं?

हवा ५ ते १० पीएसआय वाढवून ठेवा आणि महिन्यातून एकदा गाडी पाव फेरा पुढे ढकला. त्याहून चांगलं म्हणजे स्टँडवर उचलून ठेवणं. चकाकीचं तेलकट पॉलिश लावू नका. साबण-पाणी पुरे. चालवण्याच्या आदल्या दिवशी हवा परत उतरवायला विसरू नका.

नवे टायर बसवले. लगेच पुण्याला निघालो तर?

आधी हिप्परग्यापर्यंत अशा जवळच्या फेऱ्या करा. साच्यातून निघालेल्या टायरवर गुळगुळीत थर असतो, तो जायला दीडशे-दोनशे किलोमीटर लागतात. तोवर पकड कमी, ब्रेकचं अंतर जास्त. पुढच्या चाकांचं टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) शून्य ते २ मिमी ठेवून घ्या, क्रॉसप्लायसाठी लावलेलं जास्तीचं टो-इन रेडियलच्या कडा खातं. तारांच्या चाकांचे मधले नट पहिल्या ५० किलोमीटरनंतर तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीनं पुन्हा ठोका. डावीकडचे आणि उजवीकडचे आटे उलटसुलट असतात, नटावरचा बाण बहुधा सोडायची दिशा दाखवतो, तो नीट बघूनच घाव घाला. परत आल्यावर हब हात लावून बघा. एखादा इतरांपेक्षा गरम लागला तर टायरला दोष देण्याआधी त्या चाकाचा ब्रेक अडकतोय का ते तपासा.